बग्गीला नंबर

बुधवार, २५ फेब्रुवारी २००४. राखेचा बुधवार.

गेल्या आठवड्यात कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, बसले तेव्हा फादरांना म्हटलं, मला नवऱ्याचा फार राग येतो. फादर म्हणाले, राग आला की तोंड उघडू नकोस, लिहून काढ. चाळीस दिवस. मला वाटलं होतं रोझरीची माळ जपायला देतील, ती पोळ्या लाटतालाटता होते. लिहायचं म्हणजे बसावं लागतं. नवी वही आणली नाही. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत.

पहिल्याच दिवशी काय लिहू, अशी काळजी सकाळी होती. देवाने संध्याकाळपर्यंतच सोय केली.

साडेचारला खाली पिकअप थांबली आणि तिच्यातून हे उतरले. मागे दोरीने बांधलेली बग्गी. गोल्फ खेळणारे साहेबलोक उन्हात चालायला नको म्हणून जिच्यात बसून वाळूतून फिरतात, ती. हे तेरा वर्षं गोल्फच्या क्लबात ह्याच बग्ग्या दुरुस्त करतात. क्लबाने नव्या मागवल्या, जुन्या भंगारात काढल्या, त्यातली एक ह्यांनी मागून घेतली. छप्पर फाटकं, सीटमधून स्पंज बाहेर.

"हे काय आणलंत?"

"तुझी गाडी."

"मला गाडी येत नाही."

"म्हणूनच. ह्याच्यावर शीक. नंबर घेऊ, रस्त्यावर काढू. ईस्टरच्या मिस्सेला तू चालवत न्यायचं आम्हाला."

जानेवारीत ह्यांनी चांगली चालती गाडी बरका गावच्या एका दुकानदाराला विकली. पेट्रोल कशाला जाळायचं, क्लबातल्या शांतारामबरोबर त्याच्या गाडीतून कामाला जाईन, म्हणाले. मी खूश झाले होते. शिवाय वर्षभरात दोन्ही बाजूंनी घासून तिची पार रया गेली होती, इथे ओमानात पार्किंगं अरुंद. आता शांताराम एप्रिलअखेर कायमचा गावी, देवगडला चाललाय. मग पहाटे साडेपाचला हे क्लबात कसे जाणार? तर मी नेणार, बग्गीतून.

वीस वर्षांचं लायसन असलेला माणूस गाडी विकतो आणि जिने कधी सायकलला पाय लावला नाही त्या बाईला गाडी शिकवतो. लिहिलं. तोंड उघडलं नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

शरीफला घेऊन ट्रॅफिकच्या ऑफिसात. शरीफ क्लबाचा मंदूब, म्हणजे क्लबाची सगळी सरकारी कामं करून देणारा. ओमानी आहे, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतो. हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले, जुनी दोस्ती.

खिडकीतल्या अंमलदाराने बग्गीचा फोटो आधी उलटा धरला, मग सुलटा. शेजारच्या दोघांना दाखवला. तिघे हसले. पण माणूस भला. अरबीत यादी लिहून दिली: पुढचे दिवे, मागचे दिवे, वळण्याचे सिग्नल, हॉर्न, दोन आरसे, सीटबेल्ट, नंबरची पाटी लावायला जागा. एवढं करून आणा, मग बघू. आणि चालवणाऱ्याचं लायसन. गाडीचं असतं तेच, ड्रम, चढण, रस्ता, तिन्ही परीक्षा.

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "खुर्चीएवढ्या गाडीला पुरतं लायसन?"

"मला माहीत होतं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू आलीच नसतीस."

शरीफ खाली बघून म्हणाला, "मॅडम, जल्दी सीख लो. इन्शाल्ला." ह्या माणसाला कसली घाई?

सोमवार, १ मार्च

शिकाऊ कागदासाठी डोळे तपासून घ्यायचे. आमच्या इमारतीच्या खालीच चष्म्याचं दुकान आहे. केरळचा माणूस, आमच्या लेकीचा, कॅन्डिसचा चष्मा त्याच्याकडूनच. पण नाही, रुवीला जायचं. का? तर तिथला चांगला तपासतो. जाऊन-येऊन टॅक्सीत पैसे घातले, बारा मिनिटांच्या कामाला. माझे डोळे उत्तम आहेत, हे मला घरबसल्याही माहीत होतं.

राग: टॅक्सीच्या भाड्याएवढा.

गुरुवार, ४ मार्च

दिवे बसवणं चाललंय. हे सीट उचलून खाली वाकतात आणि कॅन्डिसला हाक मारतात, "ही वायर लाल की तपकिरी?" ती पुस्तक टाकून धावते. पुढच्या वर्षी दहावी आहे तिची. मी वरून ओरडले (हे लिहायला हवं, ओरडले), "तिला अभ्यास करू द्या, तुम्हाला काय रंग कळत नाहीत?"

हे म्हणाले, "पोरीला काहीतरी हाताचं शिकू दे."

तसा ह्यांचा स्वभाव आहे. रात्रीच्या प्रार्थनेचं वाचनही लग्नापासून हे करायचे, ह्या प्रायश्चित्तकाळात कॅन्डिसला करायला लावतात. तिचं मराठी म्हणजे एकेका अक्षराला ठेच. 'परमेश्वराच्या' म्हणताना तीनदा थांबली. तरी ह्यांनी मध्ये सांगितलं नाही, डोळे मिटून ऐकत राहिले. हे मात्र मला आवडलं. चांगलंही लिहावं, असं फादर म्हणालेले नाहीत, पण लिहिलं.

मंगळवार, ९ मार्च

पहाटेची अजान झाली की आम्ही इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात. बग्गीला दोनच पेडल. एक दाबलं की जाते, दुसरं दाबलं की थांबते. शिलाई मशीन ह्याहून अवघड.

अवघड आहेत ते हे. शेजारी बसतात आणि म्हणतात, "काय दिसतं ते बोलत चालव."

"कशाला?"

"बोललं की लक्ष राहतं. चांगले ड्रायव्हर असेच शिकतात."

मग मी वेड्यासारखी बोलत चालवते. डावीकडे भिंत. पुढे खड्डा. उजवीकडे कचऱ्याचा डबा, डब्यावर मांजर. पांढरी गाडी उभी, दार उघडं आहे. जरा गप्प झाले की हे विचारतात, "आता?" नवऱ्याने पंधरा वर्षांत माझं एवढं ऐकलं नसेल.

मांजर रोज तिथेच असतं, झाकणावर. आज मी सांगितलं नाही तर ह्यांनीच विचारलं, "आणि मांजर?" समोर तर होतं. परीक्षा घेतात माझी.

सोमवार, १५ मार्च

ड्रमची परीक्षा पास. पहिल्या खेपेला.

चार पिंपं उभी असतात, त्यांना न लागता गाडी उलटी आत घालायची. शिकवणारा उस्मान, बलुची, दातांत सतत लवंग. इथे गाडी शिकवायला ओमानीच लागतो आणि तासावर पैसे घेतो, म्हणून मी तासाचं एक मिनिट वाया घालवत नाही. गाडीत बसते तीच बोलत: मागे उजवं पिंप, मागे डावं पिंप, अंमलदार उभा, अंमलदाराच्या हातात चहा.

उस्मान म्हणाला, "मॅडम, आप किससे बात करता?"

"आदत है."

"मेरा बीवी भी करता. मगर वो गाडी नहीं चलाता."

ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "शाब्बास." आवाज जरा वेगळा वाटला. क्लबात धूळ फार उडते.

बुधवार, २४ मार्च

चढणीच्या परीक्षेत नापास. लाज वाटते लिहायला.

चढणीवर मध्येच थांबवतात, मग मागे न घसरता पुढे जायचं. उस्मानच्या गाडीला क्लच. मला आठवण बग्गीची, एक पेडल जायचं, एक थांबायचं. डाव्या पायाला काही काम असतं हे चढणीवर विसरले. गाडी गचके खाऊन बंद पडली आणि उलटी खाली, थेट मागे रांगेत उभ्या बायकांकडे. बायका पांगल्या. अंमलदाराने हँडब्रेक ओढला आणि कागदावर फुली मारली.

उस्मान म्हणाला, "मॅडम, बग्गी बंद करो. बग्गी आपका पाँव खराब करता. वो खिलौना है, ये गाडी है."

म्हणजे ज्या बग्गीसाठी लायसन काढायचं, तिच्यामुळेच लायसन मिळत नाही. हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. चहा ओतताना ह्यांनी अर्धा बशीत, अर्धा टेबलावर सांडला. मी म्हटलं, "रुसायचं तर रुसा, चहा कशाला सांडता?" पुसला मीच.

पुढची तारीख १९ एप्रिल. ईस्टर ११ ला आहे.

सोमवार, २९ मार्च

आज सगळं संपलं असं मला वाटतं, पण ह्यांना तसं वाटत नाही.

बग्गी पिकअपवर चढवून तपासणीला नेली. दिवे लागले, सिग्नल टकटकले, हॉर्न वाजला तेव्हा आतले लोकसुद्धा बाहेर आले. आरसे, पट्टे, पाटीची जागा, सगळं यादीबरहुकूम. तपासणाऱ्याने खरंच कौतुक केलं. ह्यांच्या हातात जादू आहे, हे मी कुठेही सांगेन.

मग आत कॉम्प्युटरवर. मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, द्यायचं तर गाडी देशात कुठल्या कागदावर आली ते पाहतात. शरीफने क्लबाचा जुना कस्टमचा कागद दिला. अंमलदाराने वाचला, शरीफला वाचायला दिला, शरीफने टेबलावर ठेवला.

"क्या लिखा है?" मी विचारलं.

शरीफ म्हणाला, "खेल का सामान."

क्लबाने त्या वर्षी चेंडू, काठ्या, हातमोजे, झेंडे आणि सहा बग्ग्या एकाच कागदावर आणल्या. कस्टमच्या दृष्टीने हातमोजा आणि बग्गी एकच. गाडी म्हणून ती देशात कधी आलीच नाही. आता अंमलदार तिला गाडी कशी म्हणणार?

"मॅडम," तो फार नम्रपणे म्हणाला, "ये कॉम्प्युटर में बॅट-बॉल है. बॅट-बॉल को नंबर नहीं मिलता. दीवार के अंदर चलाओ, क्लब में, खेत में, कोई नहीं पूछेगा. रास्ते पर नहीं. खलास."

हे उठलेच नाहीत. म्हणाले, "साहब, उसमें लाइट है. इंडिकेटर है. सब है." तीनदा म्हणाले. समोरच्या माणसाकडे नाही, जरा त्याच्या बाजूच्या खुर्चीकडे बघत. त्या खुर्चीत कोणी नव्हतं. मला इतकं ओशाळवाणं झालं. शेवटी शरीफने दंडाला धरून उठवलं.

एका भंगारासाठी माणसाने इतकं लाचार व्हावं?

शुक्रवार, २ एप्रिल

झावळ्यांचा रविवार इथे सुट्टीच्या शुक्रवारीच. बाकी जगाच्या आधी दोन दिवस येशू आमच्याकडे यरुशलेमला पोचतो.

पहाटे पाचला हे खाली बग्गीत बसलेले. "आतल्या रस्त्याने जाऊ, फ्लायओव्हरखालून. शुक्रवारी ह्या वेळेला कुत्रं नसतं रस्त्यावर."

"बेकायदा आहे."

"एकदा फक्त. जमतं का बघू. मे महिन्यात रोज क्लबला हाच रस्ता."

मी नाही म्हणायला हवं होतं. कॅन्डिस मागच्या सीटवर चढून बसली, मग मीही बसले. पाप माझंही आहे.

चालवलं मात्र झकास. भिंत संपली. दुकानं बंद. डावीकडे शाळेचं फाटक. स्पीडब्रेकर, धरा. हे मान हलवत होते, लग्नाच्या वरातीत बसल्यासारखे खूश. पुलाच्या अलीकडे मागून निळा दिवा.

पोलीस तरुण होता. मला लायसन विचारलं, मी शिकाऊ कागद दिला. मुल्किया विचारली, नाही. ह्यांनी मोठ्या रुबाबात आपलं लायसन काढून दिलं. त्याने ते विजेरीखाली धरलं.

"बाबा, ये खलास है. जनवरी में खलास."

पोलिसाने एकदा आमच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे, एकदा कॅन्डिसच्या मांडीवरच्या माझ्या बायबलकडे पाहिलं. दंड केला नाही. "चलाना नहीं. धक्का मारो, घर."

सुकाणू माझ्या हातात, मागून हे आणि कॅन्डिस ढकलतायत. झावळ्या घ्यायला निघालेली मंडळी गाड्यांतून जाताना हात करत होती. कॅन्डिस रडायला लागली, "मम्मी, everyone from my class is going to know." मिस्सा चुकली. एकविसाव्या वर्षापासून चुकली नव्हती.

घरी विचारलं, "लायसन नवीन का केलं नाही?"

"राहून गेलं."

"की पैसे वाचवलेत?"

ह्यांना एकदम धीर आल्यासारखं झालं. "हो," म्हणाले, "तुझ्याकडूनच शिकलो."

मी काटकसर करते, कायदा मोडत नाही. आज लिहूनही राग उतरला नाही. दुपारी बोललेच. काय बोलले ते लिहीत नाही, फादरांना तोंडी सांगेन.

सोमवार, ५ एप्रिल

कॅन्डिसच्या चष्म्याची दांडी शुक्रवारच्या ढकलाढकलीत तुटली. रुवीला कोण जाणार, खालच्या चष्मेवाल्याकडेच गेले.

त्याने दांडी बसवली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "सिस्टर, हस्बंड को बडे हॉस्पिटल में दिखाया क्या? मैं जनवरी में लेटर दिया."

"कसलं लेटर?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तो चुकून बोलला होता. पण आता त्याला मागे जाता येईना. लायसन नवं करायला हे त्याच्याकडे आले होते. तक्त्यावरची मधली अक्षरं सगळी वाचली. बाजूने बोटं दाखवली, एकही दिसलं नाही. त्याने सही दिली नाही, चिठ्ठी दिली. काचबिंदू. वर्षं झाली असावीत म्हणाला.

मला समजत नव्हतं. त्याने बिलाचा कागद गुंडाळून नळी केली आणि माझ्या डोळ्याला लावली, दुसऱ्या डोळ्यावर माझाच हात ठेवायला सांगितलं. "ऐसा. इतना ही. और ये भी छोटा होता जाएगा."

नळीतून मला त्याच्या शर्टाचं एक बटण दिसत होतं. तो कुठे उभा आहे, दार कुठे, कॅन्डिस कुठे, काही नाही. एक पांढरं बटण.

ही मागची पानं मी आज वाचलेली नाहीत. माझ्याच हाताने लिहिली आहेत, काय लिहिलंय मला माहीत आहे.

बुधवार, ७ एप्रिल

ह्यांना काही सांगितलं नाही. शरीफला क्लबाच्या फाटकाशी जाऊन गाठलं. त्याला पहिल्यापासून ठाऊक. "मॅडम, उसने कुरान की नहीं, बायबल की कसम दिया था. मैं क्या करूँ?"

"अर्बाबला माहीत आहे?" अर्बाब म्हणजे क्लबाचा मालक.

"नहीं. आपका एडवर्ड हाथ से काम करता. बग्गी का पेट में हाथ डालता और बोलता, ये ढीला है. आँख किसको चाहिए?"

मी म्हटलं, क्लबाच्या भिंतीआत कामगारांच्या खोल्या आहेत. त्यातली एक आम्हाला मिळाली तर खोलीपासून वर्कशॉपपर्यंत मी नेईन. भिंतीच्या आत बॅट-बॉललासुद्धा नंबर लागत नाही, अंमलदारानेच सांगितलं. पण अर्बाबला खरं सांगून. लपवाछपवी आता पुरे.

शरीफने दाढी खाजवली. "सच बोलेगा तो खोली भी दे सकता, घर वापसी का टिकट भी."

"हो."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. ह्या शब्दाचा अर्थ होकार असतो की नकार, हे चौदा वर्षांत मला कळलेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलची तारीख मात्र घेतली. २० एप्रिल. चढणीच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी.

शुक्रवार, ९ एप्रिल. उत्तम शुक्रवार.

उपास. कुमसार केलं. फादरांना म्हटलं, राग लिहिला, पण चुकीच्या माणसावर लिहिला. फादर म्हणाले, आता राग गेला? मी म्हटलं, नाही, वाढलाय. पंधरा वर्षं एका ताटात जेवतो आणि मला सांगत नाही. हा राग खरा आहे, फादर, ह्याचं मला प्रायश्चित्त नको.

ते हसले की काय, जाळीतून दिसलं नाही.

दुपारी तीनला येशूच्या दुःखसहनाचं वाचन. पुस्तक ह्यांनी सवयीने कॅन्डिसकडे सरकवलं. ते मी घेतलं आणि वाचलं, सावकाश. मध्ये ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी वाचत राहिले.

रविवार, ११ एप्रिल. ईस्टर.

पहाटेची मिस्सा, नंतर लोकांना कामावर जायचं असतं. टॅक्सी सांगितली नाही. चालत पाऊण तास. कॅन्डिस पुढे.

जिन्याच्या तोंडाशी मी म्हटलं, "तीन पायऱ्या."

"मोजल्यात मी," हे म्हणाले. मग थांबले. "कधीपासून?"

"सोमवारपासून."

खाली उतरलो. बग्गी छपरावर चादर घालून उभी होती, तिच्या आरशाला ह्यांचा हात लागला, तिथेच राहिला.

"रागावलीस?"

"वहीत लिहिलंय."

"मला वाटलं, नंबर मिळाला, तू शिकलीस, की मग सांगेन. आधी सोय, मग बातमी."

"मंगळवारी वीस तारखेला हॉस्पिटल आहे. आणि बुधवारी आपण दोघं अर्बाबकडे जाणार. शरीफ येतोय."

"आणि त्याने हाकललं तर?"

मी त्यांचं कोपर धरलं आणि चालायला लागले. काही बोलले नाही तर हे अडखळले, म्हणून बोलले. डावीकडे भिंत. पुढे खड्डा आहे, माझ्या बाजूला या. पांढरी गाडी, दार बंद. फुटपाथ संपला, एक पायरी खाली. पूर्वेला उजाडतंय, डोंगर अजून काळा आहे.

हे मान हलवत होते. जरा वेळाने म्हणाले, "आणि मांजर?"

डब्यावर मांजर नव्हतं. आज डबाच कुणीतरी आडवा पाडला होता, कचरा रस्ताभर.

"आहे," मी म्हटलं. "झाकणावर बसलंय."

ईस्टरच्या दिवशी, मिस्सेला जाताना खोटं बोलले. पुढच्या कुमसाराला सांगायचं. विसरू नये म्हणून लिहून ठेवते.